धूर की धुकं: सह्याद्रीच्या माथ्यावर स्वस्त सेन्सरने हवा मोजताना

जुलैतल्या सकाळी महाबळेश्वरच्या पठारावर उघड्यावर लावलेला साधा लेझर सेन्सर पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा आकडा (मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर) २०० च्या पुढे सहज नेऊन ठेवतो. त्या वेळी आसपास ना वणवा असतो, ना चुलींचा धूर. असतं ते नुसतं धुकं. सेन्सरच्या आत लेझरचा झोत असतो, त्यातून जाणाऱ्या कणावरून प्रकाश विखुरतो आणि तो मोजून सेन्सर कणांचा अंदाज बांधतो. कण काजळीचा आहे की पाण्याच्या थेंबाचा, हे त्याला कळत नाही. घाटमाथ्यावर हवा मोजायची तर धूर आणि धुकं वेगळं कसं ओळखायचं, हाच मुख्य प्रश्न आहे. सुटे भाग, पेटी, जागा, नोंदींची पद्धत हे सगळं त्या प्रश्नाकडे बघूनच ठरवायचं.

कोणता सेन्सर घ्यावा

सहज मिळणारे तीन पर्याय आहेत. नोव्हा कंपनीचा एसडीएस०११ शहरात खूप वापरला गेला, पण उत्पादकानेच तो ७० टक्के आर्द्रतेपर्यंतच वापरायला सांगितला आहे आणि त्याच्या लेझरचं आयुष्य ८,००० तास दिलं आहे. न थांबवता चालवला तर ते वर्षभरही पुरत नाही. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर आर्द्रता ७० च्या खाली क्वचितच येते, म्हणून तो इथे बाद.

प्लँटॉवरचा पीएमएस५००३ स्वस्त आणि आटोपशीर आहे. पंख्यासाठी ५ व्होल्ट लागतात, पण डेटाच्या तारा ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यामुळे ईएसपी३२ या छोट्या संगणक-बोर्डाला थेट जोडता येतात. चालू असताना तो जास्तीत जास्त १०० मिलीअँपिअर घेतो. सेन्सिरिऑनचा एसपीएस३० महाग आहे, पण टिकाऊ आहे आणि पंखा जोरात फिरवून स्वतःची सफाई करतो. मात्र ही सफाई दर आठवड्याला आपोआप होते ती सेन्सर अखंड चालू असेल तरच. वीज तोडली की त्याचं घड्याळ शून्यावर येतं. बॅटरी वाचवायला दर पंधरा मिनिटांनी वीज बंद-चालू करणार असाल, तर आठवड्यातून एकदा सफाईचा आदेश प्रोग्राममधून द्या, नाहीतर ती कधीच होणार नाही.

आमची शिफारस अशी: एका पेटीत दोन पीएमएस५००३. एकात कोळ्याने जाळं केलं, पंखा अडकला किंवा लेझर मंदावला, तर दोघांचे आकडे फाटतात आणि बिघाड लगेच कळतो. एकच सेन्सर असेल तर चुकीचा आकडा महिनोन् महिने खरा म्हणून जपला जातो.

एमक्यू-१३५ सारखे वायूचे सेन्सर घेऊ नका. ते आतला हीटर तापवून चालतात, सतत वीज खातात, आणि डोंगरातल्या हवेतले वायू इतके विरळ असतात की आकडा तापमान आणि आर्द्रतेबरोबरच हलतो. कार्बन डायऑक्साइड मोजायचा असेल तर हवेचा दाब भरता येतो असाच इन्फ्रारेड सेन्सर घ्या, उदाहरणार्थ एससीडी३०. सुमारे १,३५० मीटर उंचीवर दाब ८६० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. ही दुरुस्ती केली नाही तर आकडा साधारण १५ टक्के कमी येतो.

आणखी एक मर्यादा आधीच मान्य करायला हवी. हे सेन्सर बारीक कण बरे मोजतात, जाडी धूळ मोजत नाहीत. ते पीएम १० चा जो आकडा देतात तो बराचसा बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. खडी केंद्र किंवा लाल मातीच्या रस्त्याची धूळ हा तुमचा प्रश्न असेल, तर हे साधन त्या कामाचं नाही.

बाकीचं सामान

ईएसपी३२ बोर्ड, एसएचटी३१ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, हवेच्या दाबासाठी बीएमई२८०, वेळेसाठी डीएस३२३१, मायक्रोएसडी कार्ड, लोरा मॉड्यूल (कमी विजेत दूरवर माहिती पाठवणारा रेडिओ), १२.८ व्होल्ट ६ अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, २० वॉटचं सोलर पॅनेल आणि त्या बॅटरीची सेटिंग असलेला चार्ज कंट्रोलर. लेड-ॲसिडसाठी बनवलेला कंट्रोलर चालणार नाही. दोन पीएमएस५००३ धरून हे सगळं साधारण दहा-बारा हजारांत बसतं. सरकारच्या प्रमाणित हवा-मापन केंद्रांवरच्या यंत्रांची किंमत लाखांत असते.

आर्द्रतेचा सेन्सर इथे जोडीला म्हणून नाही. आर्द्रतेचा आकडा शेजारी नसेल तर घाटमाथ्यावरचा पीएमचा आकडा निरर्थक असतो. बीएमई२८० सुद्धा आर्द्रता देतो, पण दिवसेंदिवस दव धरल्यावर तो भरकटतो. एसएचटी३१ मध्ये छोटा हीटर असतो. धुकं ओसरल्यावरही आकडा १०० वर अडकून राहिला तर काही सेकंद हीटर चालवून तो वाळवता येतो. हीटर चालू असताना आणि त्यानंतरची काही मिनिटं आर्द्रतेची नोंद मात्र धरू नका.

घड्याळाच्या मॉड्यूलबद्दल एक सूचना. बाजारातल्या बऱ्याच डीएस३२३१ बोर्डांवर नाणे-बॅटरी चार्ज करणारं सर्किट असतं. त्यात साधी सीआर२०३२ घालून बोर्डाला ५ व्होल्ट दिले तर चार्ज न होणारी बॅटरी चार्ज होऊ लागते आणि फुगते. ३.३ व्होल्टवर चालवा किंवा त्या सर्किटमधला रेझिस्टर काढून टाका.

विजेचा हिशेब

दर पंधरा मिनिटांनी दोन मिनिटं जागं व्हायचं, म्हणजे दिवसाचे ३.२ तास. दोन सेन्सर मिळून १ वॉट, बोर्ड आणि रेडिओ मिळून सुमारे ०.३ वॉट. कामाचे झाले साधारण ४.२ वॉट-तास. बॅटरीचं व्होल्टेज उतरवणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून ४.८.

पण खरी गळती झोपेत होते. एलएम२५९६ वर आधारलेला कन्व्हर्टर काही काम नसतानाही सुमारे ५ मिलीअँपिअर खातो. १२.८ व्होल्टवर दिवसाला ते दीड वॉट-तास झाले. ईएसपी३२ ची चिप झोपेत मायक्रोअँपिअरवर जाते, पण बोर्डावरचा लाल दिवा आणि साधा रेग्युलेटर जागेच असतात. म्हणून एमपी१५८४ सारखा कमी खाणारा कन्व्हर्टर वापरा, दिवा उचकटून काढा, आणि पेटी बंद करण्याआधी झोपेतला करंट मल्टिमीटरने मोजा. एवढं केलं तर दिवसाचा खर्च ६ वॉट-तासांत राहतो. बॅटरीतले ७७ पैकी ६० वॉट-तास वापरायचे ठरवले तर उन्हाशिवाय दहा दिवस निघतात.

धुक्यात बुडालेल्या आठवड्यात पॅनेलकडून उन्हाळ्याच्या दहाव्या हिश्श्याचीच अपेक्षा ठेवा, म्हणजे २० वॉटच्या पॅनेलमागे दिवसाला जेमतेम ८ वॉट-तास. १० वॉटचं पॅनेल मे महिन्यात भरपूर वाटतं आणि जुलैत यंत्र मरतं. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण २० अंशांत कलतं ठेवा, त्याने पाणी आणि पालापाचोळाही निथळतो.

हिमालयात बसवणार असाल तर अडचण वेगळी. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती कायमची खराब होते, आणि पीएमएस५००३ ची मर्यादा उणे १० अंशांची आहे. तिथे थंडीत चार्जिंग तोडणारी बॅटरीच घ्या आणि तिला थर्माकोलचं आवरण द्या.

पेटी

दोन कप्पे करा. बॅटरी, बोर्ड आणि कार्ड पूर्ण बंद आयपी६५ (धूळ-पाणी आत न जाणाऱ्या) पेटीत. तिथे सिलिका जेलची पुडी ठेवा आणि बोर्डांवर ओलावारोधक लेप द्या, फक्त कनेक्टर आणि कार्डाची खाच सोडून. कणांचे सेन्सर वेगळ्या, खालून उघड्या कप्प्यात. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा वरून टोपण लावलेला तुकडा यासाठी उत्तम. सेन्सरची हवा घेण्याची आणि सोडण्याची भोकं जमिनीकडे ठेवा आणि त्या दोन्हींमध्ये फोमचा पडदा घाला. हा पडदा नसेल तर बाहेर टाकलेलीच हवा सेन्सर पुन्हा आत ओढतो आणि आकडे उगाच शांत दिसतात.

माथ्यावर पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. पावसाची झड खालूनही आत शिरते. म्हणून भोकं पाइपच्या तोंडापासून किमान १५ सेंटीमीटर वर ठेवा. वायर पेटीत खालून घ्या आणि ग्लँडच्या (वायर आत घेण्याच्या घट्ट बुचाच्या) आधी तिला झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून गळून जाईल, वायरीवरून पेटीत उतरणार नाही.

पाइपच्या तोंडाला स्टेनलेस स्टीलची साधारण १ मिलिमीटर छिद्रांची जाळी लावा. त्याहून बारीक जाळी धुळीने आणि ओलाव्याने बुजते. जाळी नसेल तर पहिल्याच महिन्यात कोळी, मुंग्या आणि कुंभारीण माशी आत घर करतात. माकडं लोंबती वायर ओढतात हे गृहीत धरा. सगळी वायर पाइपमधून न्या आणि खांबाला पट्टीने आवळा.

एसएचटी३१ मात्र या कप्प्यात नको. पेटी उन्हात तापते, आत आर्द्रता कमी दिसते आणि सगळी दुरुस्ती चुकते. त्याला थाळ्यांच्या पांढऱ्या छत्रीत, सेन्सरच्या तोंडाशेजारी पण बाहेर बसवा.

जोडणी आणि प्रोग्राम

पीएमएस५००३ चा कनेक्टर १.२५ मिलिमीटर अंतराचा, आठ पिनांचा असतो. साध्या ब्रेडबोर्डात तो बसत नाही, म्हणून ॲडॉप्टर केबल सोबतच मागवा. सेन्सर ९६०० बॉड या वेगाने दर वेळी ३२ बाइटची चौकट, म्हणजे आकड्यांचा एक संच पाठवतो. पहिली दोन बाइट हेक्समध्ये ४२ आणि ४डी. शून्यापासून मोजलं तर ६ आणि ७ मध्ये सीएफ-१ पद्धतीचा (प्रमाण कणांवर बसवलेला) पीएम २.५, १२ आणि १३ मध्ये वातावरणीय पद्धतीचा (बाहेरच्या हवेसाठी बसवलेला) पीएम २.५, आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये पडताळणीची बेरीज. बेरीज जुळली नाही तर चौकट फेकून द्या. दोन्ही पद्धतींचे आकडे साठवा. दुरुस्तीची सूत्रं कधी एकावर आधारलेली असतात, कधी दुसऱ्यावर, आणि न नोंदवलेला आकडा नंतर मिळत नाही.

क्रम असा: जागं व्हा, सेन्सर चालू करा, पहिली ३० सेकंद टाकून द्या कारण पंख्याचा प्रवाह स्थिरावलेला नसतो, पुढच्या ६० सेकंदांतल्या नोंदींचा मध्यक काढा, कार्डावर लिहा, फाइल बंद करा, मग रेडिओवर पाठवा आणि झोपा. कार्डावर लिहिणं रेडिओच्या आधीच हवं. रेडिओ जास्त करंट ओढताना व्होल्टेज खचून बोर्ड रीसेट झाला तरी नोंद वाचते.

इथे एक फसवी चूक हमखास होते. सेन्सरची सेट पिन शून्यावर असेल तर तो झोपतो, मोकळी सोडली तर चालू होतो. ईएसपी३२ गाढ झोपेत गेला की त्याच्या पिना मोकळ्या होतात आणि सेन्सर पुन्हा जागा होतो. बोर्ड झोपलेला, पंखा दिवसभर फिरतोय आणि बॅटरी तीन-चार दिवसांत रिकामी, अशी तक्रार असेल तर कारण बहुतेक हेच. झोपण्याआधी ती पिन शून्यावर धरून ठेवणारी होल्ड सुविधा चालू करा.

नोंदीत काय काय हवं: वेळ, दोन्ही सेन्सरचे सगळे आकडे, आकारानुसार कणांची संख्या, बाहेरचं तापमान, आर्द्रता, दाब आणि बॅटरीचं व्होल्टेज. यंत्रातच आकड्यांची दुरुस्ती करू नका. कच्चे आकडे साठवा, दुरुस्ती घरी बसून करा.

माहिती खाली कशी आणायची? भारतात लोरासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा परवान्याशिवाय वापरता येणारा पट्टा आहे. ४३३ चं मॉड्यूल घेऊ नका, ८६८ लिहिलेलं घ्या आणि वारंवारता प्रोग्राममध्ये या पट्ट्यात बसवा. अँटेना लावल्याशिवाय कधीही प्रसारण करू नका, मॉड्यूल जळतं. लोराला झाडी आणि डोंगराची सोंड आड आली की त्रास होतो. गेटवे (लोराचे संदेश पकडणारं यंत्र) गावातल्या शाळेच्या छतावर असेल तर तिथून खांब डोळ्यांना दिसतो का, हे आधी पाहा. मोबाइल नेटवर्क असेल तर ए७६७० सारखं ४जी मॉड्यूल घ्या. सिम८००एल स्वस्त आहे, पण ते फक्त २जी वर चालतं, म्हणून जिओचं सिम त्यात निरुपयोगी, शिवाय क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. काहीच पोचत नसेल तर महिन्यातून एकदा कार्ड बदला. या कामासाठी ते पुरेसं आहे.

जागा

एक यंत्र माथ्यावर आणि एक खालच्या गावात, उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक ठेवून, ही जोडी चार ठिकाणी विखुरलेल्या चार यंत्रांपेक्षा जास्त सांगते. हिवाळ्यात संध्याकाळी थंड जड हवा दरीत साठते आणि चुली-शेकोट्यांचा धूर गावावरच पसरून राहतो. कळसूबाईच्या पायथ्याच्या गावांत निळसर थर दिसतो आणि वर आकाश निरभ्र असतं, ते याच कारणाने. दिवस वर आला, ऊन तापलं की वारा उताराने वर चढतो आणि तो धूर दुपारी माथ्यावर पोचतो. एकाच उंचीवरच्या यंत्राला ही ये-जा दिसणार नाही.

हवा आत घेण्याचं तोंड जमिनीपासून ३ मीटरच्या वर ठेवा. कौलारू घराच्या वळचणीला पेटी लावू नका. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून तिथेच बाहेर पडतो आणि तुम्ही गावाची नाही, एका स्वयंपाकघराची हवा मोजत बसता. झाडाच्या दाटीपासून दूर, पण अगदी कड्याच्या टोकावरही नको, तिथला वारा पंख्याच्या प्रवाहात ढवळाढवळ करतो. आकाशातली वीज पडू नये म्हणून खांब परिसरात सर्वांत उंच नसावा आणि त्याला स्वतंत्र अर्थिंग हवं. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर देखभालीला माथ्यावर जाऊ नका.

जमीन वनखात्याची असेल तर लेखी परवानगी आधी, खांब नंतर. गावात ग्रामपंचायतीला सांगा आणि पेटीवर मराठीत ठळक लिहा: आत काय आहे, आत कॅमेरा किंवा माइक नाही, संपर्क कुठे करायचा. हे न लिहिल्याने यंत्रं हलवली जातात, आणि त्यात गावकऱ्यांची चूक नसते.

पारख आणि दुरुस्ती

बसवण्याआधी सगळी यंत्रं एका गच्चीवर शेजारी शेजारी आठवडाभर चालवा. एका बंद खोलीत उदबत्ती लावून आकडे चढताना आणि उतरताना एकमेकांबरोबर जातात का ते पाहा. जे सतत वेगळं बोलतं ते बाजूला काढा. मग प्रत्येक सेन्सर हेपा गाळणीतून (बारीक कण अडवणाऱ्या गाळणीतून) आलेली हवा देऊन तपासा, आकडा ० ते २ च्या आत यायला हवा.

त्यानंतर एखाद्या प्रमाणित केंद्राशेजारी परवानगी घेऊन किमान ३० दिवस. पुणे आणि नाशिकमध्ये अखंड चालणारी केंद्रं आहेत. शक्य असेल तर दोन ऋतूंत, कारण कोरड्या जानेवारीत काढलेलं सूत्र ऑगस्टमध्ये उपयोगी पडत नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पर्पलएअर या स्वस्त सेन्सरच्या यंत्रांसाठी काढलेलं सूत्र सर्वत्र उचललं जातं: सीएफ-१ चा आकडा गुणिले ०.५२४, वजा आर्द्रता गुणिले ०.०८६२, अधिक ५.७५. त्या यंत्रांत प्लँटॉवरचेच सेन्सर असल्याने मोह होतो. पण धुक्यात कच्चा आकडा २०० आणि आर्द्रता १०० असेल तर या सूत्राने १०२ उरतात, म्हणजे धुकं तसंच राहतं. उलट पावसाने धुतलेल्या हवेत कच्चा आकडा २ आणि आर्द्रता ९५ असेल तर उत्तर शून्याखाली जातं. सूत्र तिथल्या हवेसाठी बरोबर आहे, आपल्या पावसाळ्यासाठी ते बनवलेलंच नाही.

म्हणून नोंदींना तीन खुणा करा. आर्द्रता ८५ टक्क्यांखाली: आपल्या तुलनेतून काढलेली दुरुस्ती लावून वापरा. ८५ ते ९५: वापरा, पण संशयित अशी खूण ठेवून, कारण मीठ आणि सल्फेटचे कण ओलावा शोषून फुगलेले असतात. ९५ च्या वर: वस्तुमानाचा (पीएमचा) आकडा टाकून द्या. हे आकडे सुरुवातीचे आहेत, तुमच्या जागेच्या नोंदी पाहून सरकवा.

मग धुक्यात धूर असेल तर? तेव्हा आकारांची विभागणी पाहा. लाकूड-गवताच्या धुराचे कण बहुतेक १ मायक्रॉनच्या आतले. धुकं आलं की २.५ आणि ५ मायक्रॉनच्या वरच्या संख्याही उसळतात. सेन्सरची आकारांची वर्गवारी ढोबळ असते, पण बदलाची दिशा विश्वासाची असते. वेळही बोलते. धूर चुलीच्या वेळी चढतो, तासा-दोन तासांत उतरतो. धुकं आर्द्रतेबरोबर येतं आणि तिच्याबरोबरच जातं.

हवा आत घेतानाच तापवून वाळवायचा उपाय खरा आहे. ९५ टक्के आर्द्रतेची २० अंशांची हवा ५ अंशांनी तापवली तर आर्द्रता ७० वर येते. पण ३ वॉटचा हीटर दर वेळी चार मिनिटं लावला तरी दिवसाला १९ वॉट-तास जातात, आपल्या सगळ्या यंत्राच्या तिप्पट. शाळेत किंवा आरोग्य उपकेंद्रात वीज असेल तिथेच हे करा.

देखभाल आणि आकडे सांगताना

मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेटी उघडाच. जाळी घासा, सिलिका जेल वाळवा, हेपा तपासणी पुन्हा करा. एकच सेन्सर सतत उंच आणि सपाट आकडा दाखवत असेल तर आत जाळं किंवा किडा आहे. सतत शून्य असेल तर पंखा थांबलाय. दोन्ही सेन्सर एकदम वेडेवाकडे झाले तर आधी बॅटरीचं व्होल्टेज पाहा, मग हवा.

घाटमाथ्याचे विश्वासार्ह महिने नोव्हेंबर ते मे. नशिबाने महत्त्वाचा धूरही तेव्हाच असतो: हिवाळ्यातल्या शेकोट्या, फेब्रुवारीपासूनचे वणवे, भातरोपांच्या वाफ्यांवर भाजला जाणारा राब. पावसाळ्यात यंत्र चालू ठेवा, पण त्या आकड्यांवर दावा करू नका. राब भाजणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधाकडे बोट दाखवण्याआधी वाऱ्याची दिशा आणि खालच्या यंत्राची नोंदही तपासा.

भारताचं २४ तासांचं मानक पीएम २.५ साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ ची. तुलना करायची तर पूर्ण दिवसाच्या सरासरीशी करा, एका पंधरा मिनिटांच्या शिखराशी नको. आणि यंत्रावर ‘एक्यूआय’ (हवा गुणवत्ता निर्देशांक) लिहू नका. भारतीय निर्देशांकाला किमान तीन प्रदूषकांची आणि १६ तासांची माहिती लागते. तुमच्याकडे पीएम २.५ आहे, तर तेवढंच लिहा, आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात आर्द्रता.